सेलेमशी धरलेला अबोला

दिनांक ११ मार्च २०२४, न्येपीचा दिवस. मौनाच्या या दिवशी, अवघे बेट दारे लावून बसलेले असताना, रस्त्यावर पहारा देणाऱ्या सुवेचाने मेन रेनिंगच्या फाटकातून तिच्या कुत्र्याला तांदळाच्या पिठाची वडी दिली. कुत्रा भुंकत होता आणि पहारेकऱ्याला शांतता हवी होती. वडी मिळताच कुत्रा गप्प झाला. दुपारी सुवेचा पुन्हा त्या वाटेने आला, कुत्रा पुन्हा भुंकला, दुसरी वडी आत पडली. पुढे जे घडले त्याचा दोष आळीच्या सभेने कुत्र्याच्या माथी मारला. म्हणून ही नोंद.

मेन रेनिंग म्हणजे रेनिंगची आई. लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे लोम्बोकला गेली, नवरा त्याआधीच गेला. घरात उरली ही आणि काळा कुत्रा सेलेम. नारळाच्या कोवळ्या पानांच्या, देवापुढे ठेवायच्या परड्या विणायच्या, त्यांत फुले, भाताची शिते आणि एखादे बिस्किट मांडायचे, आणि पहाटे बाजारात विकायच्या, हा तिचा धंदा. आपल्या उंबऱ्यापुढे ठेवलेल्या परडीला सेलेमने कधी तोंड लावावे, हेही तिने त्याला शिकवले होते. उदबत्ती विझली, देवाने आपले घेतले, की उरलेले बिस्किट सेलेमचे. त्याआधी नाक पुढे आले तर एकच करडा हुंकार, आणि तोही त्याच क्षणी. बिस्किट खाऊन झाल्यावर तिने त्याला कधी रागे भरले नाही. तेव्हा त्याला काय कळणार, असे ती म्हणे.

न्येपीनंतर सेलेम संध्याकाळी फाटकाशी उभा राहून भुंकू लागला. आधी सुवेचावर, मग डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक बाईवर. सुवेचाला त्याची गंमत वाटे. खिशात काही असले की तो टाकी. नसले की शिव्या देई. मेन रेनिंग ओसरीवरून ओरडे. एकदा तिने चप्पल भिरकावली, एकदा हिराचा झाडू पाठीत घातला. सेलेम शेपटी हलवून आणखी जोराने भुंकला. आपली मालकीणही आपल्यासोबत ओरडते आहे, अशीच त्याची समजूत झाली असावी.

आळीच्या सभेत तक्रार गेली. ती नेली खुद्द सुवेचाने. शांततेची जबाबदारी त्याचीच ना! सभेने ठरवले: पुढच्या सभेपर्यंत कुत्रा सुधारला नाही, तर तो आळीत राहणार नाही.

त्या रात्री मेन रेनिंगला न्येपीची सकाळ आठवली. तिचे मौनव्रत होते. सेलेम बंद फाटकाकडे बघून बराच वेळ भुंकला होता, मधूनमधून वळून तिच्याकडे पाहत होता. ती डोळे मिटून बसून राहिली. शेवटी तो आपणच गप्प होऊन तिच्या पायांशी निजला. सुवेचा आला तो त्यानंतर.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर हिंडली. सेलेम भुंकला तर ओरडू नका, हसू नका, काही टाकू नका. मान फिरवा आणि चालू लागा, एवढेच तिचे मागणे.

"म्हणजे कुत्र्याशी अबोला धरायचा?" समोरच्या चांद्रीने विचारले. ती मेन रेनिंगला म्बोक, म्हणजे ताई, म्हणे. "मी नवऱ्याशी धरला होता, म्बोक. तो तर खूश झाला."

जमलेल्या बायका पोट धरून हसल्या. मेन रेनिंगही हसली. मग चांद्रीनेच रास्त शंका काढली. परडीला नाक लावले की लगेच दटावता आणि भुंकण्याकडे कानाडोळा करायला सांगता, हा कुठला न्याय?

"अगं, बिस्किट त्याला आपोआप मिळतं. मी नुसती बघत बसले तर तो खाऊन मोकळा होईल," मेन रेनिंग म्हणाली. "भुंकून मात्र त्याला काय मिळतं? आपण देऊ तेवढंच."

भुंकणे आधी वाढेल, मग उतरेल, हेही तिने बजावले होते. तसेच झाले. सेलेमने आळी डोक्यावर घेतली, घसा बसेपर्यंत भुंकला. लोकांनी दात आवळून माना फिरवल्या. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मग हळूहळू भुंकणे विरळ होत गेले. एखाददा भुंकणे, चहूकडे एक नजर, आणि स्वारी ओसरीवर परत. गप्प बसला की मेन रेनिंग त्याच्या कानामागे खाजवी. चांद्री तर म्हणाली, हा माझ्या नवऱ्यापेक्षा लवकर शिकला.

सभेच्या आदल्या संध्याकाळी, जवळच राहणाऱ्या सुवेचाकडे मुलीला मागणी घालायला पाहुणे आले. अनोळखी माणसे पाहून सेलेम दोन-तीनदा भुंकला. कोणताही कुत्रा भुंकेल. घटकाभर थांबले असते तर थांबला असता. पण पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून सुवेचाने भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांची सळईच्या सळई मेन रेनिंगच्या फाटकातून आत टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून सेलेम सुवेचाच्या दाराकडे तोंड करून भुंकत राहिला. महिन्याभराची उपासमार एका सळईने फिटली होती; आता तो थांबेल कशाला? संध्याकाळी सभा भरली तेव्हाही त्याचा आवाज मंडपात ऐकू येत होता. पुराव्याची गरजच उरली नाही.

विधवेला सभेत आसन नाही. मेन रेनिंग मंडपाच्या पायरीपाशी उभी राहिली. कुत्रा मुळातच खोडील आहे, असे प्रमुख म्हणाला तेव्हा तिला राहवले नाही.

"खोडील म्हणू नका. तुम्ही जे शिकवलंत ते तो शिकला. सुवेचाला विचारा काल काय टाकलं ते."

सुवेचा खाली बघून, तिला आई म्हणून हाक मारीत म्हणाला, "मेमे, एका तुकड्यानं असं काय होतंय?"

"तुझ्या एका तुकड्यानं सगळ्यांचा महिना खाल्ला, बाबा."

 ठराव मात्र बदलला नाही. सभेला आपला ठराव मागे घेण्यापेक्षा कुत्रा घालवणे सोपे पडते.

मेन रेनिंगचा भाऊ डोंगरात लवंगांची राखण करतो. सेलेमला तिथे नेऊन साखळीला बांधले. ती निघाली तसा तो भुंकू लागला. ती वळणापर्यंत गेली तरी भुंकत होता. एकदा मागे वळून पाहिले असते तर त्याला वाटले असते, भुंकल्याने ही परत येते, आणि मग तो तिच्यासाठी रोज भुंकत राहिला असता. ती वळली नाही. 

वाचकांकडे मागणे एवढेच आहे. तुमच्या आळीतल्या कुत्र्याला कोणी शिस्त लावत असेल, तर काय करायचे ते आधी त्या माणसाला विचारा. तो 'काही करू नका' म्हणाला, तर खरोखर काही करू नका. आणि खिशातला हात खिशातच ठेवा.