स्टेपनी आणि घंगाळ

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. कुणाच्या मोटारीची डिकी उघडी दिसली की माझा हात आपोआप आतली स्टेपनी हलवून बघायला जातो. नातवंडं हसतात. मी त्यांना हसू देतो, कारण या सवयीमागची गोष्ट सांगायची तर आधी स्वतःची चूक सांगावी लागते. आज ती सांगतो. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही.

सत्तरच्या दशकात मी सातारा जिल्ह्यात हायवेवरच्या एका ठाण्याला फौजदार होतो. लग्नसराई चालू होती. एके दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक ट्रकवाला सांगत आला, की रहिमतपूर फाट्याच्या अलीकडे एक मोटार वडावर आदळलीय, माणूस बेशुद्ध आहे. हवालदाराला घेऊन मी निघालो.

मोटार साऱ्या जिल्ह्याच्या ओळखीची होती. लांब नाकाची, दोनच सीटची, उघड्या टपाची विलायती गाडी. साताऱ्यातल्या एका बड्या घरच्या मुलाने ती हौसेने जुनी विकत घेतली होती. आदल्या दिवशी सांगलीला त्याचं लग्न लागलं होतं आणि नव्या नवरीला शेजारी बसवून तो स्वतः गाडी चालवत घरी निघाला होता. वऱ्हाडाची बस मागून येत होती. नवरीला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. नवरदेव मात्र स्टिअरिंगवर कोसळला होता, डोक्याला मागून मार लागला होता. झाडावर आदळलेल्या माणसाला मार पुढून लागायला हवा. मागून कसा लागला, हा पहिला प्रश्न होता.

उत्तर तिथेच उभ्या असलेल्या एका मेंढपाळाने दिलं. त्याची मेंढरं रस्ता ओलांडत होती.

"सायेब, गाडी लय जोरात आली. मेंढरं बघून त्यानं करकचून बिरेक मारला. आन् तवाच मागनं चाक उडालं बघा, त्याच्या डोसक्यात. मग गाडी वडावर गेली."

"कुठलं चाक? चारी चाकं तर जागेवर आहेत."

"आवं, आत ठिवल्यालं. पाचवं."

म्हणजे स्टेपनी. ती सीटच्या मागे असलेल्या जेमतेम वीतभर जागेत ठेवलेली होती आणि ब्रेक लागताच पुढे झेपावली होती. सीटमागे काथ्याचा एक दोर पडला होता, गाठ जशीच्या तशी. नवरदेवाला साताऱ्याच्या इस्पितळात पाठवून, दोन पंच बोलावून मी पंचनामा केला. गाडीत काय काय आहे ते हवालदार मोठ्याने सांगत गेला, मी लिहीत गेलो. सह्या झाल्या. गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणली आणि आतलं लग्नाचं सामान पावती घेऊन नवऱ्याकडच्या मंडळींच्या ताब्यात दिलं.

दुपारी मुलाचे वडील ठाण्यात आले. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"गाडी आठच दिवसांपूर्वी दुरुस्त करून आणलीय. स्टेपनी त्या मिस्त्रीनं बसवली. आणि त्यानं ती मुद्दाम ढिली ठेवली, फौजदार. बिलावरून मी त्याला चार लोकांत बोललो होतो. तेव्हा म्हणाला होता, 'एक दिवस पस्तावाल.' साक्षीदार आहेत माझ्याकडे."

खबर मिळाली, हेतू मिळाला, साक्षीदारही मिळाले. तरुण फौजदाराला आणखी काय लागतं? संध्याकाळच्या आत मिस्त्री माझ्या कोठडीत होता. जिवावर उठल्याचा गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटकडून रिमांडही मिळाला.

मिस्त्री चाळिशीचा, सडपातळ. लष्करात पंधरा वर्षं गाड्यांवर काढून आलेला. विचारलं तेवढंच बोलायचा, तेही ताठ उभं राहून.

"स्टेपनी कुठे बांधली होतीस?"

"डिकीत, साहेब. डिकीची जागाच तिच्यापुरती हाय. आडवी ठिवली, चामड्याचा पट्टा टाकला, बकल तिसऱ्या भोकात."

"मग ती सीटमागे कशी आली?"

"मला ठावं न्हाई, साहेब."

"आणि हा दोर?"

त्याने दोर हातात घेऊन पाहिला. "माझा न्हाई. आमी स्टेपनीला दोर लावत न्हाई. दोर ताणतो. पट्टाच लागतो."

"पस्तावाल म्हणाला होतास की नाही?"

"व्हय, म्हनलो हुतो. त्येंचा ल्योक गाडी लय जोरात हाकतो म्हनून."

हे मला उद्धटपणाचं वाटलं. चार दिवस मी त्याला तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. आवाज चढवला. एकदा हातही उगारला. तो मारला नाही, पण उगारला, आणि हे लिहिताना आजही मान खाली जाते. रोज सकाळी त्याची बायको भाकरीचं गाठोडं घेऊन यायची आणि पायरीवर बसून राहायची. तिने माझ्याकडे एकदाही रदबदली केली नाही. हवालदाराला म्हणाली म्हणे, "त्यांनी हयगय केली असंल तर सजा हू द्या. पर त्ये बांधल्याबिगर सोडत न्हाईत."

पाचव्या दिवशी टपालात एक पोस्टकार्ड आलं. शिक्का साताऱ्याचा. खाली सही नव्हती. वळणदार अक्षरात दोनच ओळी होत्या. 'मिस्त्रीचा दोष नाही. घंगाळ कुठे होते ते पाहा.'

घंगाळ? अपघाताच्या केसमध्ये अंघोळीच्या पाण्याचं भांडं कुठून आलं? हवालदार म्हणाला, कुणीतरी टवाळखोर असेल. पण मला कुठेतरी हा शब्द लिहिल्याचं अंधूक आठवत होतं. फाइल काढली आणि पंचनामा वाचायला घेतला. मीच लिहिलेला, पण लिहिल्यावर पुन्हा कधीच न वाचलेला.

'गाडीच्या डिकीत : तांब्याचे घंगाळ एक, नवे. चामडी पट्टा एक, बकल लावलेले, तिसरे भोक.'

मी ती ओळ तीनदा वाचली. पट्टा ढिला असता तर उघडा सापडला असता, नाहीतर तुटका. हा बंद होता. आणि बंद पट्ट्यात स्टेपनी नव्हती. म्हणजे कुणीतरी पट्टा सोडला, स्टेपनी बाहेर काढली, तिच्या जागी घंगाळ ठेवलं आणि पट्टा पुन्हा नीट लावून टाकला. मिस्त्री सांगत होता तो पट्टा, ते तिसरं भोक, सगळं माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनिशी पाच दिवस माझ्या टेबलावर पडलेलं होतं.

मी हवालदाराला बोलावून दोर पुढे टाकला. तो वाळव्याकडचा, शेतकऱ्याघरचा. त्याने गाठीवरून बोट फिरवलं.

"साहेब, ही उसाच्या गाडीची बांधणी हाय. आमच्याकडं मोळ्या अशाच आवळत्यात, वरनं खाली."

"आणि रिकामा पट्टा बंद कोण करून ठेवेल?"

"कुणीबी बैलवाला. बैल सोडला की पट्टा उघडा टाकायचा न्हाई. परत अडकवायचा, न्हाईतर हरवतो."

पोस्टकार्ड कुणाचं, हे कळायला फार डोकं चालवावं लागलं नाही. घंगाळ डिकीत कुणी ठेवलं ते पाहिलेलं, साताऱ्यात असलेलं आणि शुद्धीवर असलेलं एकच माणूस होतं. मी वर्दी न घालता इस्पितळात गेलो. नवरी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. हातात हिरवा चुडा, नखांवरची हळद अजून गेलेली नव्हती. सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेली, कॉलेज शिकलेली मुलगी. मी कार्ड दाखवलं, तशी ती रडली नाही, फक्त आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं.

"घंगाळ माझ्या मामांनी दिलं. सामानाच्या टेम्पोत टाकायला ते तयार नव्हते. भाचीचं घंगाळ भाचीबरोबरच जाणार, म्हणाले. डिकीत मावेना, म्हणून त्यांनी चाक काढलं आणि सीटमागे बांधलं. अगदी मन लावून बांधलं, साहेब."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली, तोंड उघडू नकोस. सासरी मला आत्ताच पांढऱ्या पायाची म्हणतायत. त्यात माझ्याच मामांमुळे झालं हे कळलं, तर मला या दारातूनच परत पाठवतील." ती जरा थांबली. "पण परवा कळलं, त्या मिस्त्रीची बायको रोज तुमच्या पायरीवर बसते. मीही इथे बाकावर बसलेच आहे."

मी दुसऱ्या दिवशी मामांच्या कृष्णाकाठच्या गावी गेलो. मामा गोठ्यात होते. गाडी झाडावर आदळली एवढंच त्यांच्या कानावर घातलं गेलं होतं. चाकाचं आणि मिस्त्रीचं मी सांगितलं, तसे ते मटकन गोठ्याच्या पायरीवर बसले.

"म्या बांधली ती. उसाची गाडी चाळीस वर्सं बांधतुया, एक मोळी कवा पडली न्हाई. आन् माज्यापायी दुसरा मानूस आत हाय?" त्यांनी भिंतीवरचा पटका घेतला. "चला. घरात सांगून येतो. पर पोरीला काय बोलू नगा कुनी."

आम्ही साताऱ्याला पोहोचलो तेव्हा मुलगा शुद्धीवर आला होता. खाटेशी वडील होते, पायाशी ती मुलगी. मामांनी काही न लपवता सगळं सांगितलं आणि पटका काढून व्याह्यांच्या पायाशी ठेवला. वडिलांचा चेहरा लालबुंद झाला. ते मुलीकडे वळले. तिने खाटेचा दांडा घट्ट धरला होता. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"आबा, मामांनी मला विचारलं होतं. सीटमागं ठेवू का म्हणाले. मी ठेवा म्हणालो. गाडी माझी, चालवणार मी. बसताना एकदा हात लावून बघायला हवा होता. नाही बघितला."

मग वडिलांनी वाकून पटका उचलला आणि मामांच्या हातात दिला. मुलीला ते म्हणाले, "सूनबाई, सकाळपासून काही खाल्लं नाहीस. चल." सासरच्या माणसाने तिला सूनबाई म्हटलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. तिला रडू तेव्हा फुटलं.

मिस्त्रीविरुद्ध पुरावा नाही, असा रिपोर्ट कोर्टात पाठवून मी त्याला सोडलं. मामा आवारातच थांबले होते. त्यांनी मिस्त्रीपुढे हात जोडले. मिस्त्रीने ते हात खाली केले आणि तो वाकड्या झालेल्या गाडीकडे गेला. स्टेपनी उचलून डिकीत आडवी ठेवली.

"मामा, तुमची बांधनी खोटी न्हाई. पर बैल हळू थांबत्यात. मोटार थांबती, आतलं वजन थांबत न्हाई. त्येला पुढनंबी धराय लागतं." पट्टा टाकून त्याने बकल तिसऱ्या भोकात लावलं. मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, जरा ओढून बघा."

मी दोन्ही हातांनी ओढलं. सगळा जोर लावला. स्टेपनी तसूभरही हलली नाही.

"पयल्या दिवशी ह्येच सांगत हुतो," तो शांतपणे म्हणाला.

मी म्हणालो, "चुकलो." वर्दीतल्या माणसाने आरोपीला असं म्हणायचा रिवाज नव्हता. हवालदार दुसरीकडे बघू लागला. मिस्त्रीने सवयीने टाचा जुळवून सलाम केला आणि तो पायरीवर बसलेल्या बायकोकडे चालू लागला.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक नियम पाळला. पंचनामा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा आणि तोवर कुणाला आरोपी म्हणायचं नाही. नवीन पोरं कुरकुरायची. मी त्यांना ही केस सांगत नसे. कारण ती सांगितली की शेवटी कुणीतरी विचारणारच, "साहेब, त्या बाईनं कार्ड टाकलंच नसतं तर?"