खलफान नाखवांची मळमळ

ओमानमधल्या सूर बंदरातून खलफान नाखवांनी जन्मभर लाकडी गलबतं हाकली. म्हातारपणी लेकीने त्यांना आणि आईला, झुवैनाला, गलबतातून सूर्यास्त बघायला पाठवलं. नाखवा पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसले होते. किनारा मागे पडला आणि त्यांना मळमळायला लागलं. झुवैना मात्र मजेत हलवा खात होती.

"अहो, वादळातसुद्धा मला काही होत नाही म्हणायचात ना?"

"तेव्हा सुकाणू माझ्या हातात असायचं."

ते ऐकून गलबताच्या तरुण तांडेलाने हसत सुकाणू त्यांच्याकडे दिलं. मळमळ तिथेच थांबली.

"आत्ता कळलं," झुवैना म्हणाली, "घरी तुमचं पोट सारखं का बिघडतं ते. तिथे सुकाणू माझ्याकडे असतं!"

नाखवा लाजून हसले, आणि तिला सूर्य नीट दिसावा म्हणून त्यांनी गलबत हळूच वळवलं.