कापूसचाचांच्या पांढऱ्या रेघा

कापूसचाचांच्या कानांत बारा महिने कापूस असायचा. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत पत्रा दाबून सुटे भाग काढणारे प्रेस धडाधड चालायचे, त्यामुळे कामाच्या वेळी कानांत काहीतरी सगळेच घालायचे. पण चाचा जेवायच्या सुट्टीत, बसमध्ये, अगदी पगारवाढीची बातमी ऐकतानाही कापूस काढत नसत. सेफ्टीवाले साहेब त्यांना रबरी बुचं देऊन देऊन थकले. "ते टोचतं," चाचा म्हणायचे, "आन् टोचलं की मला दुसरं काय सुचत न्हाई." एवढ्या कापसातूनही कुठल्या प्रेसचं बेअरिंग जाणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं.

आडनाव मुलाणी, घर कुरुळीत, आणि प्रेसच्या दुरुस्तीत उभी हयात गेलेली. बोलताना ते समोरच्याच्या बुटांकडे बघायचे. शिफ्ट बदलताना तोंडी निरोप नाही. चिठ्ठी लिहून प्रेसला चिकटवायचे. आमचे सुपरवायझर जगतापसाहेब, त्यांनी एकदा हौसेनं नवी गाडी दाखवली. सगळे "झकास, साहेब" म्हणाले, आणि चाचा म्हणाले, "मागचं चाक रडतंय." साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. चाचांना ते कळलंसुद्धा नाही.

डबा रोज तोच: भाकरी, मेथी, कांदा. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून जेवायचे. त्या बाकावर दुसरी मी. बीडहून ठेक्यावर कामाला आलेली. खोलीतल्या मुली मला घुमी म्हणायच्या. ताटांच्या खणखणाटानं माझं डोकं भणभणायचं, आणि हे बाकी कुणाला का होत नाही, ते समजायचं नाही. घरचे म्हणायचे, ही नाटकं करते. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पहिल्या दिवशी त्या बाकावर बसले तेव्हा चाचांनी मान न वळवता कापसाची डबी माझ्याकडे सरकवली. सहा महिने आम्ही शेजारी जेवलो, आणि सगळी मिळून वीस वाक्यं बोललो असू. इतक्या गप्पा मी आयुष्यात कुणाशी मारल्या नव्हत्या.

खंडेनवमीच्या पूजेआधी मशीन धुऊन-पुसून रंगवायची आमच्याकडे पद्धत. त्या वर्षी कुणीतरी भला मोठा स्पीकर आणला, मुली मला नाचायला ओढू लागल्या. मी हिरव्या रंगाचा डबा घेऊन प्रेसच्या मागे पळाले. एकदा हाताला काम लागलं की मला जगाचं भान राहत नाही. संध्याकाळपर्यंत तीन प्रेस तळापासून टोकापर्यंत रंगवून काढले. जगतापसाहेबांनी स्वतः पेढा दिला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर त्या तिन्ही प्रेसवर एकही साचा नीट बसेना. साचा कुठं ठेवायचा, दाब कुठवर आणायचा, याच्या बारीक पांढऱ्या रेघा चाचांनी प्रत्येक प्रेसवर मारलेल्या होत्या. मी त्यांच्यावरून रंग फिरवला होता. रेघा दिसल्या नव्हत्या असंही नाही. मशीन रंगव म्हणाले होते, आणि रेघा मशीनवर होत्या!

"डोकं आहे का खोकं?" जगतापसाहेब कडाडले. "उद्यापासून येऊ नकोस." काम सुटलं की बीड, आणि बीडला आईनं स्थळ बघून ठेवलेलं. मला सगळं बोलायचं होतं, पण अशा वेळी माझी वाचाच बसते.

चाचा पुढे आले आणि साहेबांच्या बुटांशी बोलले. "साहेब, कुठं थांबायचं ते तिला कुणी सांगितलं व्हतं का? आमच्यासारख्यांना थांबायची जागा सांगावी लागती." मग प्रेसच्या अंगावर तळहात टेकवून डोळे मिटले आणि साचा बसवणाऱ्याला सांगू लागले. "आजून केसभर खाली. बास." दुपारपर्यंत तिन्ही प्रेस चालू झाले. साहेब काहीतरी पुटपुटत निघून गेले, आणि माझं काम राहिलं. रेघा परत मारताना चाचांनी ब्रश माझ्याच हातात दिला. "हितनं हितवर. मग थांब."

मी थांबले. पण तो 'आमच्यासारख्यांना' शब्द माझ्यातून हलेना. मला कुणी आपल्यात धरलं, ते पहिल्यांदाच.

पुढे चाचा रिटायर झाले. त्या बाकावर मी एकटी उरले, आणि एक दिवस कॅन्टीनच्या गोंगाटातच कोसळले. चिंचवडच्या डॉक्टरबाईंनी चार-पाच वेळा बोलावून, खूप प्रश्न विचारून सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात, तो तुला जन्मापासून आहे. त्यांचे निम्मे प्रश्न ऐकताना मला चाचाच दिसत होते. निगडीत अशा मोठ्या माणसांचा एक गट दर रविवारी भेटतो, तेही त्यांनीच सांगितलं. मी तडक कुरुळी गाठली आणि चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या चपलांकडे बघत विचारलं,

"तिथं कंपनीवानी भोंगा हाय का?"

"नाही, चाचा."

"मग येतो."

चाचा गेल्या थंडीत गेले. तोवर त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. मला मात्र पहिलाच आठवतो. शाळेची एक खोली, आम्ही दहा-बारा जण, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. चाचांची पाळी आली. त्यांनी एकेकाच्या चपला-बूट शांतपणे पाहून घेतले.

"मी आमच्यासारखे म्हणायचो," ते म्हणाले, "पन मला वाटायचं, आमी दोघंच हाय. ही पोरगी यायच्या आदी तर मी एकलाच व्हतो."

मग चाचांनी कानांतला कापूस काढला, खिशात ठेवला आणि शेजारच्याला म्हणाले, "आता तुमी सांगा."