लोपीस सर मागत नसत

वर्गातला खडू संपला तरी लोपीस सर शेजारच्या वर्गातून खडू मागवत नसत. हातातला तुकडा नखाएवढा होईपर्यंत फळ्यावर घासत, आणि तोही संपला की उरलेला तास तोंडीच शिकवत. शेजारच्या वर्गात मी असे, खडूंचा भरलेला डबा घेऊन. "सर, नुसती हाक मारायची होती," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कशाला बाबा? आपल्याला मागायची सवय नाय." त्यांच्यावर चिडायला मी तिथूनच सुरुवात केली, आणि बहरीनमधली माझी निम्मी वर्षं त्यातच गेली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुहर्रकमधल्या एका दुमजली घरात संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारी संस्था होती. सर वसईकडचे ख्रिस्ती, पन्नाशीचे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. मी रत्नागिरीकडचा, वयानं बराच लहान आणि डोक्यानं गरम. विद्यार्थी विमानतळावरचे, नाहीतर अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यातले. शिफ्ट संपवून येत, बाकावर पेंगत आणि गृहपाठ विचारला की "इंशाल्ला, टीचर" म्हणून मोकळे होत. विमानतळावर सामान चढवणारा जासिम तर सबंध वर्ष त्या एका शब्दावर तरून गेला. त्यात एसी बंद पडे आणि मॅनेजर येऊन आम्हालाच विचारी की ही माणसं शिकत का नाहीत. माझा संताप संताप होई. सर मात्र त्या दांडग्या दाढीवाल्यांकडून विनंतीची वाक्यं शांतपणे घोकून घेत. साहेबाशी अदबीनं कसं बोलावं, रजा कशी मागावी. हे कोण शिकवतंय, तर लोपीस सर!

सरांना स्वतःला रजेची गरज होती. गावी त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. सुट्टीवरून परतणारा प्रत्येक वसईकर एकच निरोप आणी, "म्हातारी विचारते, माझा बस्त्याव कवा येणार?" बस्त्याव म्हणजे आमचे सर. पण आमचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असत आणि त्याच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नसे. सरांनी नाताळाच्या आधी मॅनेजरकडे रजा मागितली होती, एकदाच. तो म्हणाला, "इंशाल्ला, परीक्षेनंतर." परीक्षा झाली, पुढची जवळ आली, मॅनेजर गप्प आणि सरही गप्प.

"पुन्हा विचारा ना," मी म्हणे. "मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

"एकदा सांगितलं ना? खलास. दुसऱ्यांदा मागतो तो भिकारी."

विचारायचं सोडून त्यांनी काय करावं? ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, तेव्हा आईला बरं वाटावं म्हणून कॉफी सोडली. कॉफी हे त्यांचं एकुलतं एक व्यसन. मी वैतागून म्हटलं, "देवाकडे मागता, मग माणसांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"देवाकडं मागत नाय रे. देवाला देतो," ते म्हणाले. कपाळ माझं!

शेवटी मीच उठलो. आमचा मालक अबू यूसुफ तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेला होता, हिंदी झकास बोलायचा. दर शुक्रवारी सकाळी बुसैतीनमधल्या त्याच्या घरी मजलिस भरे. म्हणजे बैठक, कुणीही यावं. नुसता सलाम करून येऊ म्हणत मी सरांना तिकडे ओढत नेलं. "रजेचं नाव काढायचं नाय हां. काढलंस तर उठून जाईन," अशी अट त्यांनी वाटेतच घातली.

भिंतीला टेकून पाहुणे बसले होते. नोकरानं बिनकानाच्या इवल्या कपातून कडू कॉफी फिरवली. नको म्हणणं सरांना जमेना. त्यांनी कप घेतला आणि हळूच समोर ठेवून दिला. बोलणी थांबली. सगळे त्या कपाकडे बघायला लागले.

"क्या मंगता है, मास्तर? बोलो," अबू यूसुफ म्हणाला.

सर गोंधळून आधी अरबीत, मग हिंदीत म्हणाले, "मफी, मफी. कुछ नहीं."

"तो पियो."

"नहीं पी सकता."

मालकाचा चेहरा उतरला. माझ्या शेजारी आपला जासिम बसला होता. तो कानात कुजबुजला, "टीचर, हमारे इधर कप ऐसा रखा, मतलब आदमी कुछ मांगने आया. मालिक बोलेगा 'दिया', बाद में पियेगा. मांगता नहीं, पीता भी नहीं, ये बहुत खराब."

अबू यूसुफनं पुन्हा विचारलं. सर पुन्हा "कुछ नहीं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. अट गेली खड्ड्यात! मी ओरडलोच, "इनकी माँ बीमार है. छुट्टी मांगते हैं. कितने महीने हो गये!"

"माँ?" म्हातारा चकित झाला. "हमको किसी ने बोला नहीं. पासपोर्ट आज ले जाओ. दिया. अभी पियो."

सर उठून गेले नाहीत. कपाकडे बघत राहिले. कॉफी सोडली होती आईसाठी, आणि आता प्यायची तीही आईसाठीच. सबंध मजलिस थांबली होती. त्यांनी क्रुसाची खूण केली, कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

ईस्टरनंतर ते परतले, शर्टाच्या खिशावर काळी फीत लावून. शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"भेट झाली?" मी विचारलं.

"झाली. आठवडाभर होती. चांगली बोलत होती."

"आणि तो नवस?"

"सांगितला तिला. हसली. म्हणाली, देवाला तुझी कापी काय करायचीय? तू आलास ना." मग त्यांनी खिशावरची फीत सरळ केली. "पण तिनं दुसरंच विचारलं रे. म्हणाली, बस्त्याव, इतके दिवस ते लोक तुला सोडत का नव्हते?"

"मग?"

"नव्हते सोडत, म्हटलं. फार वाईट लोक हायत, म्हटलं. मरणाऱ्या आईशी खोटं बोललो. ज्यानं सोडायचं, त्याला मी विचारलंच नव्हतं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"