रेडिओ बंद करणाऱ्या ताई

गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला क्षमा करावी. सगळ्यांचे लेख कधीच पोचले, माझाच राहिला. तब्येतीचे कारण सांगता आले असते, पण ते खरे नाही. लिहायला बसलो की राग यायचा, आणि रागात लिहिलेले दुसऱ्या दिवशी वाचले की फाडून टाकावे लागायचे. शेवटी संपादक वैद्यबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, ताईंचा अमृतमहोत्सव आहे, जरा गोड लिहा ना. आणि सफारी कंपनीबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल. लास्ट पेजला त्यांची ॲड आहे." मी बरे म्हटले. पण ते जमेल असे दिसत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. गोड आणि खरे एकाच वेळी कसे लिहायचे ते पुढच्या वर्गात शिकवत असतील.

डॉ. हेमलताताई धायगुडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते लंडनमधल्या हॅरोला, आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात. मँचेस्टरच्या विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर पक्ष्यांचा अभ्यास केला आणि शिकवला. निवृत्त झाल्यावर त्या लेकाजवळ हॅरोला आल्या, आणि मंडळाने त्यांचे भाषण ठेवले. विमानतळावर विमानातली जेवणे बनवण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून मंडळात चहा नेहमी माझ्याकडे. हॉल कौन्सिलचा, हीटिंग बंद, माणसे कोट घालून बसलेली. ताईंनी उभे राहताच विचारले, "आज इथे येताना कुणाला कुठला पक्षी दिसला?" मी मागून म्हणालो, "स्टेशनवर एक कबुतर होतं. एक पाय नसलेलं." सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "कुठला पाय नव्हता?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "डावा." "चला, एकाने तरी पाहिलंय," त्या म्हणाल्या आणि भाषण सुरू केले. वयाने मी मोठा आहे, पण त्या दिवसापासून त्यांना ताईच म्हणतो.

निवृत्तीनंतर ताईंनी जे काम केले ते सगळ्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. लंडनमधली एक कंपनी श्रीमंत लोकांना आफ्रिकेत सफारीला नेते. साधी सफारी नव्हे. कुणाला तारे बघायचे असतात, कुणाला फोटो काढायचे असतात, कुणाला पक्षी. ज्याची जी आवड तसा गट, आणि प्रत्येक गटाबरोबर त्या विषयातला एक जाणकार यजमान. तंबूत आंघोळीचा टब, जेवायला पांढरा टेबलक्लॉथ. पक्ष्यांच्या गटाच्या यजमान हेमलताताई. केनियातला तो सगळा दौरा त्यांनीच आखलेला होता. नदीकाठ कुठला, झाड कुठले, कुठे किती वेळ थांबायचे, सगळे त्यांचे.

माझ्यासारख्याला ते परवडणारे नव्हते. माझी पत्नी गेली त्याच्या पुढच्या वर्षी मुलीने मला न विचारता पाठवले. जाण्याआधी मला झोप नव्हती. मलेरियाच्या गोळ्या चढतील का, विमानात बीपी वाढेल का, जेवणाचे काय. म्हणून मी मोठी कडक सुटकेस भरली. त्यात चिवडा, लोणचे, थालीपिठाची भाजणी आणि आले घातलेल्या चहाची पावडर. नैरोबीला कळले की पुढचे विमान एवढेसे आहे आणि त्यात फक्त मऊ बॅग चालते. कडक बॅग तिथेच ठेवून जायची. मी घामाघूम झालो. आमच्या गटातली सुटाबुटातली माणसे बघत होती. ताई खाली जमिनीवर बसल्या, स्वतःची शाल पसरली आणि माझे सामान त्यात काढू लागल्या. लोणच्याची बरणी स्वतःच्या मोज्यात गुंडाळली. मी म्हणालो, "ताई, गाठोडं घेऊन कोणी लक्झरी सफारीला जातं का?" त्या म्हणाल्या, "आज जाईल. आणि लोणचं आंब्याचं असेल तर गाठोड्याला सीटबेल्टही लावू." केनियातल्या थंड सकाळी त्या शालीला लोणच्याचा वास यायचा. ताईंनी ती तशीच पांघरली.

आता रेडिओची गोष्ट. तिथे प्रत्येक गाडीत रेडिओ असतो. एका ड्रायव्हरला सिंह दिसला की तो सगळ्यांना सांगतो, आणि साऱ्या गाड्या धूळ उडवत तिकडे धावतात. आमची गाडी डॅनियल चालवायचा. तो तिथलाच, शिकलेला गाइड, ताईंबरोबर अनेक वर्षे काम केलेला. पहिल्याच सकाळी ताईंनी सांगितले, "डॅनियल, रेडिओ बंद." नदीकाठच्या एका काटेरी झाडाखाली गाडी थांबली. झाडभर घरटी लोंबत होती. आमच्या गटात हॅरोचाच जयंत होता, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा मुलगा, आणि त्याची बायको मृणाल. समोरून गाड्या सुसाट गेल्या तसा जयंत चुळबुळला.

"ताई, ते सगळे लायनकडे चाललेत. वी आर लिटरली मिसिंग इट."

"लायन आता झोपेल. दिवसभर तेच करतो तो. इथे काम चाललंय ते बघ."

"पण एवढं सगळं करून आपण चिमण्या बघायच्या?"

"चिमण्या नाहीत. आपल्या सुगरणीच्या भाऊबंदांपैकी आहेत. तो पिवळा दिसतोय ना, घर त्यानं बांधलंय. आता ती बघायला येईल. गप्प बस."

ती आली. पिवळा नर घरट्याला उलटा लटकून पंख फडफडवत होता. ती आत शिरली, बाहेर आली आणि उडून गेली. तो थोडा वेळ तसाच लटकून राहिला, आणि मग त्याने स्वतःचेच घरटे एकेक काडी ओढून उसवायला घेतले. मग मृणाल म्हणाली, "जयंत, बघ. तिला आवडलं नाही तर तो आर्ग्यू करत नाही." डॅनियलला मराठी येत नाही, पण आम्ही का हसतोय ते त्याला बरोबर कळले. दुपारपर्यंत त्या पक्ष्याने पुन्हा विणायला सुरुवात केली होती. जयंत जेवायला यायला तयार नव्हता.

ताईंची शिकवण मला जी समजली ती एवढीच. जिथे बसलो आहोत तिथे बघायचे. दुसरीकडे काय चालले आहे त्याच्या मागे पळायचे नाही. परत आल्यावरही दर रविवारी त्यांचा फोन येतो. "कसे आहात" असे त्या विचारत नाहीत, कारण मग मी गुडघ्यापासून सुरुवात करतो. त्या विचारतात, "बागेत कोण आलं?" मग मला खिडकीशी जाऊन बघावेच लागते. रॉबिन आला असेल तर सांगतो. पत्नी गेल्यावर ज्या खिडकीचा पडदा मी उघडत नव्हतो, ती हीच खिडकी.

अशा बाईंना कंपनीने काढले. मी हाच शब्द वापरणार. एका गटातल्या कुणी तरी तक्रार केली की सिंह कमी आणि पक्षी जास्त दाखवले. पक्ष्यांच्या सफारीत. पुढच्याच दौऱ्यात ताई गाडीतून उतरताना घसरल्या. त्या गाड्या उंच, पायरी म्हणून एक लोखंडी कांब, तीही गुडघ्याच्या वर. ताईंना खरचटले, मुका मार लागला. त्याच दुपारी त्या पुन्हा गाडीत बसल्या. पण कंपनीला निमित्त मिळाले. पाहुण्यांच्या आणि तुमच्या स्वतःच्या सोयीसाठी, असे लिहून त्यांना थांबवले. त्यांच्या जागी टीव्हीवर दिसणारा एक तरुण यजमान आला. जयंत-मृणाल त्याच्याबरोबर जाऊन आले. दौरा ताईंनीच आखलेला, नदी तीच, झाड तेच. "काका," मृणाल म्हणाली, "तो झाडाखाली थांबलाच नाही. रेडिओ फुल व्हॉल्यूमवर. लायनभोवती गाड्या अशा लागल्या होत्या की मला सुपरमार्केटचं कार पार्क आठवलं."

आणि माहितीपत्रकावर फोटो कुणाचा, तर ताईंचा. खाली लिहिले आहे, सन्माननीय सल्लागार. सल्ला अजून एकदाही विचारलेला नाही.

मला आपल्या लोकांचाही राग आला आहे, तोही लिहितो. वैद्यबाईंनी मला या ग्रंथाची रूपरेषा पाठवली. शेवटच्या भागाचे नाव आहे 'कृतार्थ निवृत्ती'. कुणी ठरवले? ताईंना कुणी विचारले? आपण शाल द्यायची, श्रीफळ द्यायचे, उभे राहून टाळ्या वाजवायच्या, आणि कंपनीने शेवटच्या पानावर शुभेच्छा छापायच्या. त्यांना याहून सोयीचे काय आहे? त्यांनी बाहेर काढायचे आणि आपण हार घालून निरोप द्यायचा. मी चहा करीन, पण निरोपाचा नाही.

मी हे सगळे ताईंना फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "असू दे हो मोकल. त्यांचं अगदीच खोटं नाही. माझ्यासाठी सगळी गाडी थांबते, दोन माणसं धरायला लागतात. लोकांच्या सुट्टीवर आपलं ओझं कशाला?" एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ओझे हा शब्द मी ऐकला नव्हता. माझे लोणचे त्यांनी जमिनीवर बसून बांधले तेव्हाही नाही. तो शब्द त्यांचा नाही, कंपनीच्या त्या पत्रातून त्यांच्या तोंडी आलेला आहे. त्या रविवारी त्यांनी बागेत कोण आले तेही विचारले नाही. माझा खरा राग त्याचा आहे.

म्हणून आता उरलेले मी ताईंनाच उद्देशून लिहितो. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

ताई, डॅनियलने कंपनी सोडली हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याने आणि त्याच्या बायकोने नदीच्या वरच्या अंगाला स्वतःचा छोटा कॅम्प काढला आहे. टब नाही, बादली आहे. फेब्रुवारीसाठी त्याने एक गाडी राखून ठेवली आहे. जयंत, मृणाल, मी आणि मृणालची आई येणार आहोत. पुढची सीट रिकामी आहे. तुम्ही त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो फोनवर मला 'म्झे' म्हणतो, त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला तसे म्हणतात. परवा त्याने मला एक फोटो पाठवला. त्याने गाडीच्या पुढच्या दाराला लोखंडी पायरी जोडून घेतली आहे. रुंद, खाली, अगदी घोट्याच्या उंचीला, आणि धरायला एक दांडा. फोटोखाली त्याने लिहिले आहे की, डॉक्टरना सांगा, आता कुणाला धरायला लागणार नाही. आणि या गाडीत रेडिओ बसवलेलाच नाही.

पिवळ्या पक्ष्याचे घर नापसंत झाल्यावर त्याने काय केले ते तुम्हीच आम्हाला दाखवले. ते बघायला मी एवढ्या लांब आलो होतो.

तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, कान आज आहेत तसेच तीक्ष्ण राहोत. ही इच्छा मी देवाकडे मागतो. दुसरी तुमच्याकडे मागतो. हा ग्रंथ समारंभात तुमच्या हाती येईल, तेव्हा भाषणे लांबणार हे नक्की. तेवढ्यात हे पान उघडा. डॅनियलला त्याच आठवड्यात कळवायचे आहे, आणि मला उगाच वाट बघत बसायला लावले की माझे बीपी वाढते हे तुम्हाला माहीत आहे. मी मागे, चहाच्या टेबलापाशी असेन. हो किंवा नाही, जे असेल ते तिथे येऊन लवकर सांगा.

– दत्ताराम मोकल, हॅरो