खुर्चीवरची मांडी

मी बिडी कारखान्यात शिरले तेव्हा नऊ बाया नव्याकोऱ्या खुर्च्यांवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर पानं-तंबाखूचं सूप, मान छातीला टेकलेली. दहावी, देवकाबाई, खुर्ची सोडून खाली आपल्या जुन्या बोऱ्यावर, म्हणजे गोणपाटावर.

"मॅडम, आपकी कुर्सी से एक बाई गिर गयी," कारखान्याचे मुनीमजी म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि आनंद जास्त होता.

खुर्च्या-टेबलं माझ्याच सल्ल्यावरून आली होती. मी फिजिओथेरपिस्ट, गोंदियात माझं क्लिनिक आहे. तिरोड्याकडच्या ह्या बिडी कारखान्याच्या मालकांनी मला बोलावलं ते देवकाबाईंमुळे. पंचवीस वर्षांचा सफाईदार हात, पण आता मान वळेना, बोटं बधिर व्हायची. "दिवाळीनंतर मी येत नाई," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं. ते सांगताना त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी जरा जास्तच घाईने मोठी ऑर्डर लिहून दिली.

आमच्या धंद्यात एर्गोनॉमिक्स नावाचा शब्द आहे. म्हणजे माणसाला कामाच्या मापात कोंबायचं नाही, काम माणसाच्या मापाचं करायचं. मी मात्र खुर्चीचं माप घेतलं होतं, बायांचं नाही.

"देवकाबाई, टेबलावर सूप का नाही ठेवत?"

"पान सरकते, मॅडम. सूप मांडीवर पाह्यजे. अन् पाय लटकवून मांडी होते का जी? तुमीच बसून पाहा ना!"

बसले. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. तासाभरात माझ्या चार बिड्या झाल्या, चारही उकलल्या, आणि मान अशी आखडली की मीच पेशंट झाले. बाया पोट धरून हसत होत्या.

"घरी तुम्ही बिड्या कशा वळता?" मी मान चोळत विचारलं.

"घरी भिताडाले टेकून बसतो. खाली पोतं, अन् मांडीवर पाट आडवा टाकून त्यावर सूप. घरी मान नाई दुखत एवढी."

"मग इथं तसं का नाही?"

देवकाबाईंनी मुनीमजींकडे बोट दाखवलं. बाया हॉलच्या मधोमध, कारण मुनीमजींना मागून फिरून माल तपासायचा असतो.

"दीवार से टिककर बैठेंगी तो आमने-सामने बातें करेंगी," मुनीमजी म्हणाले.

"अभी नहीं करतीं क्या?" मी विचारलं.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी बोरे भिंतीलगत हलवले. बुडाखाली बारदानाची जाड घडी आली. तंबाखूच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांतून सुताराने मांडीवरून आडवे बसतील असे बुटके चौरंग ठोकले. वर कडेला पट्टी, म्हणजे सूप सरकत नाही. मी तासातासाला मानेचे दोन व्यायाम शिकवले. मुनीमजींना एक खुर्ची मिळाली. ते खूश झाले.

दिवाळी होऊन महिना झाल्यावर देवकाबाई क्लिनिकमध्ये आल्या. मान डावीकडे वळवून दाखवली, मग उजवीकडे.

"जाऊन राहिली मी कामाले," त्या म्हणाल्या. "आता मान वर करून मुनीमजीसंग भांडता येते."

मला इतका आनंद झाला की तपासायचंच राहून गेलं.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात मी आधी तासभर कामगाराच्या जागेवर बसते, मगच कागदावर काही लिहिते. उरलेल्या खुर्च्यांपैकी दोन मालकांनी मला भेट दिल्या. त्या क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये आहेत. देवकाबाई त्या दिवशी त्यातल्याच एकीवर बसल्या होत्या, मांडी घालून.