कार्ड पंच केल्यानंतरचा तास

व्हर्लिन स्टॅम्पर केंटकीच्या डोंगरातून ओहायोत आमच्या हॅमिल्टनला आला, तो फोरमन व्हायचं ठरवूनच. कागदाच्या गिरणीत कटरवर, कागद कापायच्या यंत्रावर, अकरा वर्षं काढली त्याने. मी तिथे टाइम ऑफिसात होते. प्रत्येकाचं हजेरीचं कार्ड माझ्या हातून जायचं.

कुणा यशस्वी गृहस्थाच्या भाषणांच्या सहा कॅसेटी त्याने टपालाने मागवल्या होत्या. गाडीत रोज त्याच. पगारापेक्षा जास्त काम करा, म्हणजे एक दिवस कामापेक्षा जास्त पगार मिळेल. सबबी सांगू नका. जे घडतं त्याला जबाबदार तुम्हीच. व्हर्लिनने हे शब्दशः घेतलं. साडेतीनला सुटीचं कार्ड पंच करायचा आणि पुन्हा आत जाऊन तासभर फुकट राबायचा. फोरमन डॉयल निवृत्तीला आला होता. तो दारातच उरलेल्या कामाची चिठ्ठी त्याच्या हातात कोंबायचा. माझ्या काचेतून मला सगळं दिसायचं.

"अरे, राबतोसच तर कार्ड तरी नंतर पंच कर," मी म्हणायचे.

"मग त्यात जास्तीचं काय राहिलं, मिस ओपल?"

"तिकडे घरी तुझी लोरीन घेवडा पुन्हा पुन्हा गरम करून वैतागली असेल."

"फोरमनची बायको झाली की हसत गरम करेल!"

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी, कटरने त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. कंपनीने भरपाई नाकारली. कार्डावर साडेतीन, म्हणजे तो कामावर नव्हताच, आपल्या मर्जीने आत शिरला.

सुनावणीत मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या पेन्शनला किती वर्षं उरली?"

"चार. आणि चिठ्ठी डॉयल रोज द्यायचा."

डॉयल हॅटची कड चाचपत राहिला. मग अधिकाऱ्याने व्हर्लिनला विचारलं, "फोरमन तुम्हाला थांबायला सांगायचे का?"

एक 'हो' पुरे होतं. घर वाचलं असतं, दोन्ही मुलींची शाळा झाली असती. व्हर्लिन उठून ताठ उभा राहिला.

"चिठ्ठी मीच मागायचो, सर. थांबायचं मी ठरवलं. मी कुणावर ढकलणार नाही."

"व्हर्लिन, हो म्हण," लोरीन मागून म्हणाली. "एवढंच म्हण."

"खोटं कशाला बोलू?"

"खोटं कुठंय ते? तो द्यायचा की नाही?"

"द्यायचा. पण मी मागायचो."

वकिलाने कागद गोळा करायला घेतले. दावा फेटाळायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर त्याने मला गाठलं. "मिस ओपल, फोरमनच्या जागेचा अर्ज डाव्या हाताने लिहिलेला चालतो का?"

मला राग आवरेना. "ती जागा तू इस्पितळात असतानाच डॉयलच्या जावयाला दिली. गिरणीत सगळ्यांना ठाऊक आहे."

तो मान हलवत म्हणाला, "म्हणजे चूक माझीच. अर्ज आधी द्यायला हवा होता."

हे लोरीनने ऐकलं. ती त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरून निघाली, पार्किंगच्या उलट दिशेला, पायीच.